फ्लॉरेन्समध्ये एका दिवसात रेनेसाँ कसा बघायचा

शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, तिथले विद्वान पुस्तकं घेऊन इटलीत पळाले आणि प्रबोधन म्हणजे रेनेसाँ सुरू झालं, दोन मार्क. फ्लॉरेन्सला गेल्यावर कळतं की तोवर तिथल्या कॅथेड्रलचा घुमट बांधून १७ वर्षं झाली होती, म्हणजे रेनेसाँ आधीच सुरू झाला होता! तर सनावळी घरी ठेवा.

पहिल्या खेपेला मी दोन दिवसांत सहा म्युझियमं उरकली, शेवटी सगळ्या मेरी आणि सगळे बाळ येशू सेम दिसायला लागले आणि पाय गेले ते वेगळंच. दुसऱ्या खेपेला चारच ठिकाणं केली, तोच प्लॅन देतेय.

सकाळी स्टेशनातून बाहेर पडलात की जवळच सांता मारिया नोव्हेला चर्च. आत डाव्या भिंतीवर मासाच्चो या चित्रकाराचं 'ट्रिनिटी' हे भित्तिचित्र आहे, साधारण १४२७ चं. लगेच चित्राला नाक लावायला जाऊ नका, समोर मधोमध पण लांब उभे राहा. क्रुसाच्या वर कमानीचं छत रंगवलंय, त्यातले चौकोन मागे मागे लहान होत जातात. आता फोनवर फोटो काढा, एडिटमध्ये जाऊन पेननं त्या मागे जाणाऱ्या रेषा खाली वाढवत न्या. सगळ्या क्रुसाच्या पायथ्याशी एकाच बिंदूत येऊन मिळतात, आणि तो बिंदू साधारण बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवलाय, म्हणून सपाट भिंतीत खरंच एक खोली खणलीय असं वाटतं. हे एकदा स्वतःच्या बोटानं केलंत ना की पुढे कुठल्याही चित्रात तो बिंदू आपोआप शोधायला लागता, सवयच लागते. खाली एक सांगाडा पडलाय आणि त्याच्या वर लिहिलंय की तुम्ही आज जे आहात ते मी होतो आणि मी जे आहे ते तुम्हीही होणार. मासाच्चो स्वतः पुढच्याच वर्षी गेला, जेमतेम २६-२७ चा.

तिथून चालत घुमटाकडे. चढायचा स्लॉट घरूनच बुक करा, आयत्या वेळी मिळत नाही. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, गुडघे बोलत असतील तर खालूनच बघा, काही बिघडत नाही. ब्रुनेलेस्की मूळचा सोनार, आणि यानं १४२० ते १४३६ मध्ये जवळपास ४५ मीटर रुंदीचा घुमट खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता उभा केला. घुमटाला दोन कवचं आहेत, आपण चढतो ते त्यांच्या मधून. धापा टाकत वर पळू नका, मध्ये थांबून विटा बघा, आडव्या थरात मध्येच उभ्या विटा घातल्यात, मासळीच्या काट्यासारख्या तिरक्या चढत जातात. चुना ओला असताना वरचा थर आत घसरू नये म्हणून ही युक्ती.

जेवून सान मार्को मठ. वेळा आधी चेक करा. वर भिक्षूंच्या छोट्या खोल्या, आणि जवळपास प्रत्येकीत फ्रा अँजेलिको आणि त्याच्या मदतनीसांनी काढलेलं एक एक भित्तिचित्र. खर्च फ्लॉरेन्सवर सत्ता असलेल्या मेदिची घराण्याचा. पुढे याच मठाचा प्रमुख झाला साव्होनारोला, त्यानं १४९७ मध्ये आरसे, दागिने, चित्रं 'पाप' म्हणून चौकात जाळायला लावली आणि पुढच्याच वर्षी त्याच चौकात त्याला फासावर देऊन जाळलं. तो चौक म्हणजे पियाझ्झा देल्ला सिन्योरिया, तिथे त्या जागी फरशीवर गोल पाटी आहे, लोक त्यावर उभं राहून सेल्फी काढत असतात, शोधावी लागते.

शेवटी सांता क्रोचे चर्च. एका बाजूला मायकेलअँजेलोची कबर, समोर गॅलिलिओची. चर्चनं दोषी ठरवलेला माणूस, त्यामुळे मेल्यावरही (१६४२) नीट कबर मिळायला १७३७ उजाडलं. कबरीवरचा दुर्बीणवाला अर्धपुतळा नीट बघून ठेवा, तो शिल्पकार फोज्जिनीचा. काळ जरा नंतरचा आहे पण सांगते कारण जुन्या गोव्यात बॉम जेजुसमध्ये सेंट झेवियरच्या पेटीखाली जो संगमरवरी चौथरा आहे तोही याच फोज्जिनीचा, मेदिची ड्यूक कोसिमो तिसऱ्यानं भेट म्हणून पाठवला, १६९८ ला बसवला. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्या कारागिरांची. ती इतकी उंचावर आहे की सगळे मान वर करून तिच्याकडेच बघतात, पुढच्या वेळी जाल तेव्हा जरा खाली बघा.