तुळजापूर घाट आणि नळदुर्ग : सोलापूरहून दोन दिवसांची सायकलफेरी कशी करावी

घाट म्हटला की आपण सोलापूरकर ताम्हिणी, वरंधा अशी नावं घेतो आणि सायकल गाडीवर टाकून लांब जायचे बेत करतो. बालाघाट डोंगररांगेची कड आपल्या दारात आहे. तुळजापूर ४५ किलोमीटर, तिथून नळदुर्ग ३५ च्या आसपास, नळदुर्गाहून परत सोलापूर ५०. दोन दिवसांत त्रिकोण पुरा होतो. पहिल्यांदा घाट चढणाऱ्याला मी हीच वाट सांगतो. चढ थोडा आहे: सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. खरा त्रास उन्हाचा. म्हणून खालचं सगळं नियोजन सूर्याकडे बघून केलं आहे.

कधी जावं

नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने सगळ्यात चांगले. फेब्रुवारीत दहा वाजल्यापासूनच चटका बसतो, आणि एप्रिल-मे मध्ये तर विचारही करू नका. नळदुर्गाचे धबधबे बघायचेच असतील तर पावसाळ्याच्या शेवटी, बोरी नदी भरून वाहत असताना जा. तेव्हा डोंगर हिरवागार असतो, पण रस्ता निसरडा होतो आणि ब्रेक उशिरा लागतात.

वार बघून निघा. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते, खोली मिळणं तर दूरच. नवरात्रात आणि कोजागरीला रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांचा असतो, त्या दिवसांत सायकल घरी ठेवावी. पौष पौर्णिमेला नळदुर्गात खंडोबाची यात्रा भरते, त्या दिवशीही किल्ला शांतपणे बघता येत नाही.

कोणत्या दिशेने

आधी तुळजापूर, मग नळदुर्ग, मग घर. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडून येतो. या क्रमाने गेलात तर शेवटचे ५० किलोमीटर वारा पाठीशी आणि रस्ता एकूणात उताराचा मिळतो. उलट फिरलात तर पहिल्याच दिवशी वाऱ्याशी झुंजत नळदुर्ग गाठावं लागेल.

सामान

गिअरची साधी सायकल पुरते. पाणी तीन लिटर, ओआरएसच्या दोन पुड्या, पुढे-मागे दिवा, हेल्मेट, पंप आणि दोन जादा ट्यूब. ट्यूब दोनच का, एक का नाही, हे इथल्या रानात सायकल चालवलेल्याला विचारा. सराटे. रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरणारी ही वेल, तिचं वाळलेलं काटेरी फळ असं असतं की कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. मी एकदा फोटो काढायला सायकल डांबरी रस्ता सोडून दहा पावलं ढकलत नेली आणि मागच्या टायरमधून सात सराटे काढले. तेव्हापासून थांबायचं असेल तर सायकल उचलून नेतो.

पंक्चर झालंच तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काट्याचं टोक मोडून रबरात राहिलेलं असतं, बाहेरून दिसत नाही, पण फडक्याचा धागा तिथे अडकतो. हे न करता नवी ट्यूब घातली की पाच मिनिटांत तीही बसते. बोटाने मात्र चाचपू नका.

खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या. ज्वारीची कडक भाकरी पिशवीत चुरली तरी बिघडत नाही, आणि चटणीतलं मीठ घामावाटे गेलेलं भरून काढतं. वर एक सोलापुरी टॉवेल ठेवा: घाम पुसायला, ओला करून मानेवर टाकायला, रात्री पांघरायला.

पहिला दिवस : घाट

पहाटे पाचला रूपाभवानीच्या देवळापासून निघा. दिवे लावलेले असावेत, कारण रस्ता मोठा आहे आणि ट्रक रात्रभर चालतात. डाव्या कडेच्या पट्ट्यातच राहा, दोघं असाल तर एकामागे एक. उजाडता उजाडता हिप्परग्याचा तलाव लागतो. हिवाळ्यात तिथे पक्षी उतरलेले असतात, पाच मिनिटं थांबायला हरकत नाही. पुढे तामलवाडीला चहा घ्या आणि बाटल्या भरून घ्या.

तामलवाडीनंतर रस्ता हळूहळू चढू लागतो, डोळ्यांना कळत नाही पण मांड्यांना कळतं. इथे जोर लावू नका. सिंदफळ मागे पडलं की समोर डोंगराची कड दिसते. नवखे इथेच चुकतात: चढ लागल्यावर गिअर बदलायला जातात आणि ताणाखाली साखळी उतरते. चढाच्या शंभर मीटर आधीच हलका गिअर टाकून ठेवा. मग बसूनच चढा, उभं राहून नाही. हँडल घट्ट आवळू नका, खांदे सैल सोडा. शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता येतील एवढाच वेग ठेवा. बोलताना धाप लागत असेल तर अजून हळू. घाट लहान आहे, सावकाश गेलात तरी तो संपतोच.

कडेच्या उतारावर सीताफळ, कडुनिंब, बोर, बाभूळ, मध्येच पळस. सह्याद्रीसारखं दाट रान नाही. कोरड्या डोंगराचं पानगळीचं रान आहे आणि सकाळी साडेआठपर्यंत त्याची तिरपी सावली रस्त्यावर पडते. ती सावली असेपर्यंत वर पोचायचं, म्हणून पाचची वेळ. मी पहिल्यांदा साडेसातला निघालो होतो. घाटात पोचेपर्यंत अकरा वाजले, पाणी संपलं, आणि शेवटचा पल्ला सायकल हातात धरून चालत गेलो.

वर आलात की घाटशीळ हे देवीचं देऊळ लागतं. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला देवीने इथून वाट दाखवली, अशी श्रद्धा आहे. खाली वळून बघा, चढून आलेला रस्ता आणि त्यामागचं सपाट रान दिसतं. मग अंघोळ, दर्शन, जेवण, झोप. दुपारी पुढे जायचा मोह टाळा.

दुसरा दिवस : नळदुर्ग

सहाला निघा, नऊच्या आत किल्ल्यावर पोचाल. रस्ता माळावरून चढ-उतार करत जातो. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून सोडा. एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला तर मागचं चाक उचललं जातं. जानेवारीत वाटेत कुठे हुरड्याचा धूर दिसला तर थांबून विचारा, सहसा कोणी नाही म्हणत नाही.

किल्ल्याला तिकीट आहे. सायकल दाराशी कुलूप लावून ठेवा आणि आत चालत फिरा, किमान दोन तास. आधी उपळी बुरूज चढा, ऊन व्हायच्या आत. वर मोठ्या तोफा आहेत आणि किल्ल्याचा सगळा घेर तिथूनच उमगतो. मग खाली पाणीमहालाकडे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच महाल बांधला. पावसाळ्यात वरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळत असतात आणि आतली खोली कोरडी राहते. बांधावरून पलीकडे रणमंडळ या जोडकिल्ल्यात जाता येतं. धबधबे चालू असताना शेवाळलेल्या दगडांवर सायकलचे बूट घालून जाऊ नका, त्यांचे तळवे कडक असतात, पकड मिळत नाही.

अकराच्या आत किल्ला सोडा. इटकळ, बोरामणी करत हैदराबाद रस्त्याने सोलापूर. हा रस्ता वर्दळीचा आहे, आरसा असेल तर लावाच. ऊन जास्त वाटलं तर वाटेत जेवून तीनपर्यंत थांबा.

पायी जाणाऱ्यांसाठी

सायकल नको असेल तर कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत चालत जा. लाखो लोक चालतात, वाटेत जागोजागी चहा-फराळ मिळतो. नवे बूट घालू नका, आणि फोड येण्याआधीच टाचांना चिकटपट्टी लावा.

दाट झाडी हवी असेल तर धाराशिवच्या पुढे येडशी-रामलिंग. जटायूची कथा या जागेशी जोडलेली आहे, आणि जुन्या काळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी या भागातून जायची. हे अभयारण्य आहे, म्हणून देवळाकडची रुळलेली वाट सोडू नका, आडवाटेला जायचं तर वनखात्याला विचारून. दसऱ्यानंतर कुसळ वाळलेलं असतं, ते मोज्यातून थेट कातडीत शिरतं, तेव्हा पूर्ण पँट घाला आणि मोजे तिच्या आत ठेवा. माकडं पिशवी ओढतात. भाकरी हातात धरून फिरू नका, एका जागी बसून खा आणि खरकटं पिशवीत घालून परत आणा.