‘पूर्ण खाल्ले’ या नोंदीवर विसंबू नका : प्राणिसंग्रहालयात रुजू होणाऱ्या नव्या पशुवैद्यकांसाठी

प्राणिसंग्रहालयात नोकरी करू इच्छिणारे नवे पशुवैद्यक भेटायला येतात, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच डार्ट बंदुकीचा, म्हणजे लांबून भुलीचे इंजेक्शन मारणाऱ्या बंदुकीचा, विषय निघतो. त्यांचा उत्साह मोडावा असे मला वाटत नाही. परंतु या नोकरीतला बहुतेक वेळ लेंड्या, गव्हाणी, मांसाची पावती आणि नोंदवह्या यांच्यात जातो, हे आधीच सांगितलेले बरे. बंदूक जितके दिवस कपाटात राहील, तितके आपले काम नीट चालले आहे असे समजावे.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९९२ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण, प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेविषयीचे २००९ चे नियम, विलगीकरण, लसीकरण, प्रत्येक मृत प्राण्याचे शवविच्छेदन या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील असे मी धरून चालते. मला लिहायचे आहे ते ज्या एका नोंदीने मला बराच काळ अंधारात ठेवले तिच्याविषयी.

प्राणीरक्षकाच्या रोजच्या नोंदवहीत खाद्याचा एक रकाना असतो आणि त्यात बहुधा ‘पूर्ण खाल्ले’ असे लिहिलेले असते. रात्रनिवाऱ्यात एकट्या असलेल्या वाघाच्या बाबतीत ही नोंद उपयोगाची आहे, कारण तिथे खाणारा एकच असतो. चितळांच्या कळपाच्या बाबतीत मात्र तिचा अर्थ एवढाच, की गव्हाण रिकामी झाली. कोणी रिकामी केली, हे ती सांगत नाही. धिप्पाड नर आणि वरचढ माद्या आधी येतात, खुराकातला चांगला भाग संपवतात, आणि दुबळी मादी सर्वांनंतर येऊन उरलेल्या काड्यांत तोंड घालते. दुरून पाहणाऱ्याला तीही खातानाच दिसते. भक्ष्य असलेला प्राणी आजार लपवतो, हे आपण पहिल्या वर्षापासून ऐकत आलेलो असतो. पण तो कळपात उभा राहून, रवंथ करत, कान हलवत लपवतो आणि रोज पाहणाऱ्या डोळ्यांना त्याचे हळूहळू वाळणे जाणवत नाही, हे कोणी सांगत नाही. ती मादी कळपापासून वेगळी उभी राहते, तेव्हा तिच्या अंगात राखीव असे काही उरलेले नसते. अशा वेळी तिला पकडायला माणसे धावली, तर पकडण्याच्या ताणानेच स्नायू नासतात, रक्तातील आम्ल वाढते, लघवी गडद होते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. कधी काही तासांत, तर कधी उपचार लागू पडला असे सर्वांना वाटत असताना काही दिवसांनी मृत्यू येतो. म्हणजे उशिरा कळण्याची किंमत दुहेरी असते : आजार वाढलेला असतो आणि हात लावणेही धोक्याचे झालेले असते.

माकडांमध्ये हे आणखी फसवे असते. वरचढ माकडे गालांच्या पिशव्या भरून घेतात, त्यामुळे ताट काही मिनिटांत रिकामे होते आणि नोंदवहीत सगळे छान दिसते.

यावर उपाय साधे आहेत. खाद्याच्या जागा वाढवून त्या एकमेकींपासून इतक्या दूर ठेवाव्यात, की एका नराला सगळ्यांवर पहारा देता येऊ नये. ‘किती उरले’ या रकान्याशेजारी ‘शेवटी कोण आले’ असा दुसरा रकाना आखावा. माझ्या मते या एका रकान्याचे मोल महागड्या यंत्राहून अधिक आहे. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच बाजूने छायाचित्रे घ्यावीत. दोन प्राणी एकत्र राहत असतील, तर एकाच्या खाद्यात खाण्याचा रंग मिसळावा, म्हणजे विष्ठा कोणाची ते कळते आणि जंतांची तपासणी योग्य प्राण्याच्या नावावर जमा होते.

मांसभक्षकांच्या बाबतीतही ही नोंद पूर्ण सत्य सांगत नाही. हाडाविना नुसते मांस मिळालेला बछडा ते आवडीने संपवतो आणि कॅल्शियमअभावी त्याची हाडे ठिसूळ होत राहतात. कधी खाद्यच आजार घेऊन येते. थायलंडमधील श्री राचा येथील वाघांच्या प्राणिसंग्रहालयात २००४ मध्ये कोंबडीच्या मांसातून बर्ड फ्लू पसरला आणि शंभराहून अधिक वाघ दगावले किंवा मारावे लागले. आपल्याकडे नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूच्याच एच५एन१ विषाणूने मेले. मांस कुठून येते, कोण तपासते आणि कोणत्या तापमानात ठेवले जाते, हे विचारणे पुरवठादाराला आवडत नाही, तरीही विचारावे.

आता गुरूंविषयी. सिंहाच्या बछड्यासोबत छायाचित्र आणि प्रमाणपत्र देणाऱ्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी सगळे ज्यांना ‘मामा’ म्हणतात अशा जुन्या प्राणीरक्षकामागे सकाळच्या फेरीला चालत राहावे. ‘मॅडम, आज ती बरी वाटत नाही,’ एवढेच ते म्हणतील आणि कारण सांगू शकणार नाहीत. तरी जाऊन पाहावे. मात्र आजार कळवणाऱ्यालाच जाब विचारला जात असेल, तर तेच मामा गुपचूप ‘ठीक’ असे लिहू लागतात. कळवणाऱ्यावर ठपका येणार नाही, याची हमी पहिल्याच महिन्यात द्यावी. संशय आला की प्रतिजैविक आणि तीन महिने झाले की विष्ठा न तपासता जंतनाशक, हा सोपा मार्ग दाखवणारे वरिष्ठही भेटतील. त्यांचा मान राखावा, पण नमुना आधी घ्यावा.

प्राण्याचे मन रमवण्याच्या साधनांनाही तोच नियम लागू होतो. अस्वलासाठी ओंडक्यांच्या भोकांत मध भरून ते आवारभर विखुरले, तर ते तासन्‌तास शोधत राहते आणि त्याच्या येरझाऱ्या कमी होतात. पण दोन अस्वले असताना एकच ओंडका ठेवला, तर दुबळ्याच्या वाट्याला फक्त गुरगुरणे येते. स्क्वीझ केजमध्येही, म्हणजे सरकत्या भिंतीने प्राण्याला अलगद जखडणाऱ्या पिंजऱ्यातही, रोज थोडे खाद्य द्यावे. ही केज केवळ इंजेक्शनच्या दिवशी वापरली, तर वाघ पुन्हा आत पाऊल टाकणार नाही. सवय लावलेला वाघ शेपटी जाळीबाहेर काढू देतो आणि भूल न देता रक्त घेता येते.

हे सारे वाचून धास्ती वाटली असेल, तर ती मलाही वाटत असे आणि नवी प्रजाती आली की अजूनही वाटते. तुमची पदवी वाया गेलेली नाही. मांजरावर उपचार करता येत असतील तर वाघाची निम्मी वाट चाललेली असते : पॅरासिटामॉल मांजराला घातक असते, म्हणून ते वाघालाही देऊ नये, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. चितळासाठी शेळीचे आणि गेंड्यासाठी घोड्याचे ज्ञान आधाराला येते. अडले तर परळच्या किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील आपल्या शिक्षकांना रात्रीही दूरध्वनी करावा. त्यात कमीपणा नाही.

रुजू झाल्यावर खरेदीच्या पहिल्या प्रस्तावात दोनच वस्तू मागाव्यात : रात्रनिवाऱ्याच्या दारात बसवता येईल असा सपाट वजनकाटा आणि चांगला सूक्ष्मदर्शक. अंदाजपत्रक मार्चपूर्वी ठरते, त्यामुळे दिवाळी उलटताच हा कागद पुढे सरकवावा आणि लेखा विभागाने ‘हरणांना वजनकाटा कशाला’ असे विचारले, तर मागच्या वर्षीच्या शवविच्छेदनांचे अहवाल प्रस्तावाला जोडून द्यावेत.