गवत कापताना सोललेली साल: शोभेच्या कोवळ्या झाडांची सप्टेंबर-ऑक्टोबरमधील काळजी

पुणे परिसरात पाऊस ओसरू लागला की सोसायट्यांच्या आवारात आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर गुडघाभर वाढलेले गवत कापण्याची घाई सुरू होते आणि ताम्हण, बहावा, कांचन यांच्या नव्या लागवडीला मोठी इजा नेमकी याच दिवसांत होते. नायलॉन दोरीचे यंत्र बुंध्याला नुसते घासून गेले तरी अंगठ्याएवढ्या जाडीच्या खोडाची साल क्षणात निघते. जखम जमिनीपासून चार बोटांवर, गवताच्या खुंटांआड असल्याने ती दिसत नाही. पानेही कित्येक आठवडे हिरवी राहतात, कारण पाणी वर नेणारे लाकूड शाबूत असते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारी आतली साल मात्र तुटलेली असते आणि मुळे उपाशी पडू लागतात. म्हणून पाने पाहून निश्चिंत होऊ नये, खाली वाकून बुंध्याभोवती बोट फिरवावे.

जखम सुतळीने मोजावी. खोडाचा घेर १२ सें.मी. आणि जखमेची आडवी रुंदी ३ सें.मी. भरली, तर पाव साल गेली असे समजावे. असे झाड बहुधा स्वतःच सावरते. निम्म्याहून अधिक घेर सोलला असेल तर वाढ खुंटते, आणि साल कड्यासारखी सर्व बाजूंनी गेली असेल तर जखमेवरचा भाग सहसा वाचत नाही. काळपट पडलेल्या जागी नखाने हलकेच खरवडून पाहावे. खाली हिरवे, ओलसर लागले तर तेथील साल जिवंत आहे.

साल नुकतीच, त्याच दिवशी सुटून लोंबत असेल, तर ती जागेवर दाबून सुती पट्टीने बांधावी आणि दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडावी. सुकलेली साल मात्र धारदार, स्पिरिटने पुसलेल्या चाकूने जिवंत कडेपर्यंतच काढावी. जखम ‘नीटनेटकी’ करण्याच्या नादात चांगली साल कापण्याची चूक माळीकामात फार होते. डांबर, ऑइलपेंट किंवा सिमेंट लावू नये, त्याखाली ओल कोंडते. कडा सुकल्यावर बोर्डो मलम लावता येते, पण त्याने जखम भरत नाही, बुरशीला काही काळ अटकाव होतो एवढेच. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात भिजवून एकत्र करावा. त्यात बुडवलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबूस थर चढल्यास चुना वाढवावा आणि मलम त्याच दिवशी संपवावे.

पूर्ण सोललेले ताम्हण किंवा कांचन कलमी नसेल, तर जखमेखाली कापून नवा फुटवा धरता येतो. सार्वजनिक जागेवर किंवा सोसायटीत कापण्यापूर्वी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे परवानगीची चौकशी अवश्य करावी. जखमी झाडाला युरिया देऊ नये. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात माती तपासून पाणी द्यावे.

बुंध्याभोवती हातभर जागा खुरप्याने तणमुक्त करून पालापाचोळा पसरावा, तो खोडापासून चार बोटे दूर ठेवावा आणि त्या वर्तुळात यंत्र नेण्यास सक्त मनाई करावी. याच फेरीत बांबूचा आधारही तपासावा: तार किंवा नायलॉनची दोरी सालीत रुतत असेल तर ती कापून काढावी आणि जुन्या साडीची पट्टी ४ च्या आकड्यासारखा पीळ देऊन, बांबू आणि खोड यांत बोट सरकेल इतकी सैल बांधावी.