आठ गळ्यांत बर्डचा मास

इंग्रज संगीतकार विल्यम बर्डचा चार आवाजांचा मास, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधीसाठीचं गायन (सुमारे १५९२-९३), इंग्लंडमधल्या कॅथलिक घरांत लपूनछपून गायला जाई, म्हणून छोट्या क्वायरला (गायकवृंदाला) तो नेमका बसतो. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास (सर्वांत उंच ते सर्वांत खालचा आवाज), प्रत्येकी दोघे. दोघांत जरा फरक पडला की कानाला टोचतो. तिसरा असता तर झाकला गेला असता. श्वास आळीपाळीने घ्या, कुठे कोण ते पेन्सिलीने लिहा.

वाद्याची साथ नसल्याने सूर उतरतो. दोष बहुधा दमण्याचा नसतो: उतरत्या ओळीत पावलं मोठी पडतात, एकाच स्वरावर रेंगाळताना तो ढिला होतो. 'आन्युस देई' हा मासचा शेवटचा भाग आधी नुसतं 'ऊ'वर, सावकाश गा. शेवटी पिच-पाइपने (नेमका सूर देणाऱ्या छोट्या शिट्टीने) तपासा. तरीही उतरलं, तर अर्धस्वर चढवून सुरू करा. त्यातल्या 'दोना नोबिस पाचेम' ('आम्हाला शांती दे') या शेवटच्या ओळीतले एकमेकांना घासणारे स्वर मात्र घाईने सोडवू नका, सगळी गंमत तिथेच आहे.