जुनी फियाट रोजच्या रस्त्यावर: कमी पैशात, विदर्भाच्या उन्हात

गावात कुणाच्या कोठ्यात, कुणाच्या जिनिंगच्या आवारात, कुणाच्या वाड्याच्या पडवीत एखादी फियाट नाहीतर ॲम्बेसेडर ताडपत्रीखाली उभी असतेच. आजोबांनी घेतलेली असते, म्हणून मोडीतही निघत नाही आणि चालतही नाही. ती बाहेर काढून रोज तालुक्याला न्यायची, बाजार करायचा, पोरांना शाळेत सोडायचं, असं मनात असेल तर एक गोष्ट आधी ठरवा: गाडी मिरवायची की वापरायची? मिरवायच्या गाडीत पैसा रंगात, क्रोममध्ये आणि सीट कव्हरात जातो. वापरायच्या गाडीत तो ब्रेक, रेडिएटर आणि खालच्या पत्र्यात गेला पाहिजे. बहुतेकांचा पैसा उलट्या क्रमाने जातो. मग चकचकीत गाडी एप्रिलमध्ये रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी दिसते.

इथे मुख्यतः प्रीमियर पद्मिनी धरली आहे. 1974 पासून हे नाव, त्याआधी फियाट 1100, आणि लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च. 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगपाशी हँडगिअर. आत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, म्हणून तालुक्याचा मिस्त्रीही ती उघडू शकतो. ॲम्बेसेडरवाल्यांसाठी जिथे वेगळं आहे तिथे सांगत जातो.

कामाचं वेळापत्रक इथल्या हंगामाला जुळवून घ्या. दिवाळीनंतर सोयाबीन-कापसाचा पैसा हातात येतो, हवा कोरडी असते. पत्र्याचं काम तेव्हाच. रेडिएटर आणि पेट्रोलची लाइन होळीच्या आत. रबर, वायपर, काचांची बीडिंग मृगाच्या आत.

आधी कागद

स्पॅनर हातात घेण्याआधी आरसी बुक शोधा. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडी बाद, असं पारावर ठामपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. दिल्लीकडचे नियम वेगळे. आपल्याकडे फॉर्म 25 भरून, आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण दर वेळी पाच वर्षांसाठी होतं. फी मात्र वाढली आहे: ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांवरच्या मोटारीला 10,000 रुपये. पर्यावरण कर निराळा. शिवाय नूतनीकरण रखडलं असेल तर दरमहा 500 रुपये विलंब शुल्काची तरतूद आहे. गाडी दहा-बारा वर्षं कोठ्यातच होती म्हणून माफी मिळेल असं धरून चालू नका. हा आकडा आरटीओतून आधी काढून आणा. कधी कधी तो गाडीच्या किमतीपेक्षा मोठा निघतो आणि विषय तिथेच संपतो.

गाडी वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर फॉर्म 31, विकत घेत असाल तर 29 आणि 30. जुनी हस्तलिखित आरसी ऑनलाइन दिसत नसेल तर आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. त्याशिवाय विमा, पीयूसी, एचएसआरपी पाटी, सगळंच अडकतं.

इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः बॅटरी मारून वाचा आणि आरसीशी ताडून पाहा. डिझेल स्वस्त होतं त्या काळात पुष्कळ फियाट आणि ॲम्बेसेडरमध्ये भलतीच डिझेल इंजिनं बसवली गेली. कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असली गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी सोडा. सरकारी खात्याच्या लिलावातली ॲम्बेसेडरही रस्त्यावर चालवायला घेऊ नका. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं, पाटीवर ‘व्हीए’ येतं, रुबाब वाढतो. पण ती नोंदणी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर काढता येते. रोज चालवायची असेल तर साधीच नोंदणी ठेवा.

पत्रा: चुंबक आणि स्क्रू ड्रायव्हर

फियाट असो की ॲम्बेसेडर, दोन्हींना जीपसारखी वेगळी चेसिस नाही. खालचा पत्राच गाडीचा कणा आहे. म्हणून दरवाजावरचा गंज दिसायला वाईट, पण दरवाजाखालच्या पट्टीतला, म्हणजे सिलमधला गंज खरा घातक.

तपासायचं असं. मॅटिंग उपटा. खाली जुना नमदा असेल, तो पाणी पिऊन बसलेला असतो, काढून फेका. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फरशी टोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भद्द आवाज देतो. तिथे टोक दाबा. आत गेलं तर तेवढा भाग कापावा लागेल. बाहेरून चुंबक फिरवा. चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) आहे. सिल, जॅक लावायची जागा, मागचे पाटे जिथे बसतात ती जागा आणि चाकांच्या कमानी, एवढं पक्कं असेल तर बाकीचं निभतं. आपली काळी माती इथेच घात करते. पांदणीतून आलेली गाडी धुतली नाही की चिखलाचा गोळा कमानीत दिवाळीपर्यंत ओला राहतो.

कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, कुजक्यावर पत्रा चिकटवायचा नाही. सिल कापताना गाडी चारही बाजूंनी सारख्या घोड्यांवर ठेवायला लावा आणि दरवाजे बसवलेलेच राहू द्या. नाहीतर गाडी मधून बसते आणि नंतर दरवाजे लागत नाहीत. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोन्ही उतरवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. टाकीला डाग द्यायचा असेल तर हे काम रोज करणाऱ्या रेडिएटरवाल्याकडेच द्या.

ब्रेक

इथे काटकसर करायची नाही. चारही चाकांना ड्रम असतात आणि जुन्या मॉडेलांत मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. म्हणजे एका चाकाचं वॉशर फुटलं तर चारही चाकांचे ब्रेक जातात. उभ्या गाडीत व्हील सिलिंडर आतून गंजून अडकलेले असतात. नुसते वॉशर बदलून भागत नाही; आत बोटाने चाचपून खड्डे लागले तर सिलिंडरच नवा घ्या. रबरी होज सगळे नवे, लोखंडी पाइप गंजले असतील तर तेही. ड्रमला खाच पडली असेल तर लेथवर घासून घ्या. ऑइल डॉट 3, सीलबंद डब्यातलं.

हँडब्रेकची केबल बघा, तिच्याकडे कुणीच बघत नाही. पुढचे सीट बेल्ट नसतील तर ते याच वेळी, पक्क्या पत्र्यात बोल्ट टाकून बसवा. टायरवर नक्षी कितीही शिल्लक असो, बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपूर्वीचा टायर उन्हातल्या डांबरावर नेऊ नका.

इंजिन सुरू करण्याआधी

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून टाका, दोन-तीन दिवस मुरू द्या आणि मग इंजिन पान्याने हाताने फिरवा. प्लगच्या वायरी काढण्याआधी कुठली कुठे हे लिहून ठेवा. फियाटचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2.

इंजिन मोकळं झालं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन उघडायचीच गरज नाही, मिस्त्री काहीही म्हणो. एखादा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या; नाही चढला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली पट्टी). वॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं आणि ‘फुल इंजिन’च्या मानाने फारच स्वस्त पडतं. ॲम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनचं हेड बिडाचं आहे आणि ते शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातलं. तसलं पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं. शिशाविना वॉल्व्हची जुनी सीट झिजते, म्हणून हेड उतरलंच आहे तर कडक एक्झॉस्ट सीट बसवून घ्या.

पाणी आणि ऊन

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 46-47 वर जातो. फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, त्यामुळे एकदा सडकून तापलं की हेड वाकतं. म्हणून आपल्याकडे या गाडीचं आयुष्य रेडिएटर ठरवतो.

रेडिएटर उतरवून तांब्या-पितळेचं काम करणाऱ्याकडे न्या, टाक्या उघडून नळ्यांत रॉड मारून घ्या, गळती झाळून घ्या. जुना असला तरी फेकू नका. आतला तांब्याचा जाळीदार भाग नीट असेल तर तो नव्या बनावट मालापेक्षा सरस. होज, क्लिपा, फॅन बेल्ट, झाकण नवं. वॉटर पंपाला हाताने हलवून पाहा. डुगडुगला तर बदला.

आणि पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये एकदाही टाकू नका. खारपाणपट्ट्याबाहेरचं बोअरही बहुधा जडच असतं. उन्हाळ्याच्या शेवटी कूलरच्या टट्ट्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा. अडलंच तर आरओच्या जारचं पाणी, तेही तात्पुरतं.

गाडी तापते म्हटल्यावर मिस्त्री हमखास म्हणणार, “भाऊ, हे थर्मोस्टॅट कायले ठेवता? काढून फेका.” फेकू नका. हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. गाडी तापत असेल तर कारण दुसरीकडे आहे: तुंबलेला रेडिएटर, ठिणगीचं मागे पडलेलं टायमिंग, नाहीतर हेड गॅस्केट. गॅस्केटची परीक्षा सोपी. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा आणि पाण्यात बघा. बुडबुडे येतच राहिले तर गॅस्केट गेलं.

पेट्रोल

आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुने रबरी पाइप, इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या वॉशरांना ते मऊ करतं, मग गळतं. इथेनॉलला चालणारे पाइप मागून घ्या. थोडे महाग, पण गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकण्यापेक्षा बरं. इथेनॉल ओल ओढून घेतं, म्हणून टाकी अर्धी रिकामी ठेवून महिनाभर गाडी उभी ठेवू नका, आत गंज चढतो. टाकी एकदा उतरवून आत बारीक साखळी आणि थोडं रॉकेल नाहीतर डिझेल घालून खुळखुळवा, धुवा, पूर्ण वाळवा आणि पाइपमध्ये फिल्टर लावा. गाडी झटके देत असेल, प्लग पांढरे पडत असतील, तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल येण्याचं भोक) एका नंबरने मोठा करून बघावा. मात्र पीयूसीला या वयाच्या गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, हे ट्यूनिंगवाल्याला सांगा.

दुपारी बाजारात दहा मिनिटं थांबलात आणि गाडी पुन्हा सुरूच होईना, तर पाइपमध्येच पेट्रोलची वाफ झाली. इथले जुने ड्रायव्हर इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकतात आणि ते लागूही पडतं. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवणं, मध्ये पत्र्याची आड लावणं आणि कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा बॅकेलाइटचा जाड तुकडा.

करंट

कोठ्यातल्या गाडीची अर्धी वायरिंग उंदरांनी नेलेली असते. तुकडे जोडत बसू नका, पूर्ण नवं हार्नेस (वायरींचा जुडगा) टाका आणि फ्यूज वाढवा. जुन्या गाडीत डायनामो असतो, तो इंजिन मंद असताना बॅटरी चार्ज करत नाही. मारुतीचा अल्टरनेटर पट्टी बनवून बसवता येतो, लेथवाल्यांना ते काम ठाऊक आहे. ॲम्बेसेडर जुनी असेल तर आधी पाहा, बॅटरीचा प्लस बॉडीला तर नाही ना. तसं असेल तर अर्थिंग बदलल्याशिवाय अल्टरनेटर जोडला की तो लगेच जळतो. पुढचे दिवे सात इंची गोल; त्यांत एच-4 बल्ब आणि रिले टाकला की रात्री बिनदिव्याची बंडी वेळेत दिसते.

डेल्कोतल्या (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या) पॉइंटमधली फट 0.45 मिमीच्या आसपास ठेवा. कंडेन्सर, पॉइंट, फॅन बेल्ट आणि पाच लिटर चांगलं पाणी कायम डिकीत.

सुटे भाग आणि मिस्त्री

जिल्ह्याच्या गावी जुन्या ऑटोमोबाइल दुकानांच्या माळ्यावर अजून माल निघतो. मालकाशी बोला, पोऱ्याशी नाही. नाहीतर मुंबईत कुर्ला. फोनवर फोटो पाठवायचा आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल मागवायचं. जुना भाग नवा हातात पडेपर्यंत फेकू नका, नमुना म्हणून लागतो. मिस्त्री चाळिशीच्या पुढचा आणि पॉइंट लावता येणारा बघा. ट्रॅक्टरचा मिस्त्री ब्रेक, किंगपिन, पाटे उत्तम करतो. कार्ब्युरेटर त्याच्या हाती देऊ नका. घरी ट्रॅक्टर असेल तर ग्रीसगन आहेच. महिन्यातून एकदा पुढच्या सस्पेन्शनच्या सगळ्या निपलांना ग्रीस भरा, गाडी निम्म्याने हलकी वळते.

रंग

गाडी रोज चालवून एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठून शिरतं, कुठला दरवाजा लटकतो, कुठे पुन्हा गंज फुटतो, सगळं तोवर कळतं. मग रंग. तोपर्यंत खालून अंडरकोटिंग आणि उघड्या पत्र्यावर प्रायमर पुरे. गावातच रंगवणार असाल तर मळणीयंत्र आजूबाजूला चालू नाही ना, एवढं आधी बघा.