एफ५ दाबलं की स्क्रीन मंद होते? कीबोर्ड बदलायच्या आधी या चुका टाळा

नवीन लॅपटॉप येतो, टॅलीत पेमेंटची एन्ट्री करायला एफ५ दाबलं की ब्राइटनेस कमी होतो, एक्सेलमध्ये फॉर्म्युल्याला डॉलर लावायला एफ४ दाबलं की भलतंच काहीतरी होतं, आणि मग मला फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं, "पीस खराब आलाय बहुतेक, बदलून घेऊ का?" अहो नका बदलू. हल्ली बऱ्याच कंपन्या वरच्या रांगेत आवाज-ब्राइटनेस आधी ठेवतात आणि खरं एफ५ हवं असेल तर एफएन (कीबोर्डच्या खालच्या रांगेतली Fn) धरून दाबावं लागतं. हे उलटं करता येतं आणि काम अगदी छोटं आहे, पण तेवढ्यासाठी लोक जे उद्योग करून ठेवतात ते बघून आता कंटाळा आलाय.

पहिली चूक म्हणजे एफएन आणि एस्केप एकत्र दाबून न बघताच इंटरनेटवर धावणं. लेनोवो आणि डेलच्या बहुतेक लॅपटॉपवर एवढ्यानेच काम होतं. एस्केपवर छोटं कुलूप छापलेलं असेल तर ते त्याचसाठी आहे. "काल चालत होतं, आज अचानक बंद" अशी तक्रार असेल तरी आधी हेच दाबा, घरात लहान मूल असेल तर नक्कीच दाबा.

दुसरी चूक माझी नावडती. कुठलंतरी की-रिमॅपर, म्हणजे एका कीचं काम दुसरीला देणारं सॉफ्टवेअर डाउनलोड करणं. बहुतेक लॅपटॉपवर एफएन ही की विंडोजला दिसतच नाही. कीबोर्ड सांभाळणारी मदरबोर्डवरची चिप ती आतल्या आत वापरते आणि विंडोजपर्यंत फक्त शेवटचा निकाल पोचतो, म्हणजे "एफ५ दाबलं" किंवा "ब्राइटनेस कमी कर". मग जी की विंडोजला माहीतच नाही ती सॉफ्टवेअर कशी बदलणार? असंच कीज बदलून देणारं मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज चांगलं आहे, मी स्वतः वापरतो, पण एफएन त्यालाही सापडत नाही. आणि तो "ड्रायव्हर अपडेटर" नावाचा कचरा तर नकोच, कीबोर्ड आहे तसाच राहतो आणि वर जाहिराती सुरू होतात.

एफएन-एस्केपने झालं नाही तर आता बायोस, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीची लॅपटॉपची स्वतःची सेटिंग्जची स्क्रीन. इथे सगळ्यात जास्त वाट लागते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओळखीतला एक मुलगा एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. महिन्याची २० तारीख, जीएसटीचं ३बी हे रिटर्न भरायचं, आणि याला त्याच दुपारी एफ९ नीट करायची हुक्की आली, कारण टॅलीत पर्चेसची एन्ट्री एफ९ ने होते. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बघून बायोसमध्ये शिरला. तिथे पोचल्यावर याने काय करावं? "एफ९ चालतंय का बघूया" म्हणून एफ९ दाबलं. त्याच स्क्रीनवर खाली लिहिलेलं होतं, एफ९ म्हणजे सेटअप डिफॉल्ट्स, सगळी सेटिंग्ज कंपनीने दिली तशी परत. काहीतरी विचारलं, याने यस केलं, मग व्हिडिओत सांगितलेलं एफ१० दाबून सेव्ह केलं. त्यात सिक्युअर बूटचं (चालू होतानाच्या सुरक्षेचं) सेटिंग बदललं आणि पुढच्या वेळी लॅपटॉप चालू झाला तो थेट बिटलॉकरच्या, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या निळ्या स्क्रीनवर, ४८ आकडी रिकव्हरी की टाका म्हणून. "काका, हा कुठला पासवर्ड मागतोय?" असा फोन. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, पण लॅपटॉप पहिल्यांदा चालू करून देताना दुकानदाराने स्वतःचाच ईमेल टाकला होता! म्हणजे की दुकानदाराच्या अकाउंटमध्ये आणि दुकानदार लग्नाला गावी. रात्री उशिरा त्याचा फोन लागला तेव्हा सुटका झाली. आणि गंमत बघा, डिफॉल्ट म्हणजे आवाज-ब्राइटनेस आधी, म्हणजे जे बदलायचं होतं ते तसंच राहिलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

त्यामुळे माझी सवय अशी. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणून आधी अकाउंटमध्ये जाऊन रिकव्हरी की दिसते का बघतो आणि कागदावर उतरवतो, हो, कागदावर. चार्जर लावतो. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढतो. एकच ओळ बदलतो. गोंधळ वाटला तर सेव्ह न करता बाहेर. आणि कामाच्या दिवशी हात लावत नाही. हे सगळं "वेळखाऊ" वाटणाऱ्यांनी खुशाल व्हिडिओ बघावेत, फक्त रात्री मला फोन करू नये.

ओळ कुठली, तर एचपीत एफ१० ने आत जाऊन सिस्टम कॉन्फिगरेशनखाली अॅक्शन कीज मोड, तो डिसेबल करायचा. एसरला एफ२, मेन या पानावर फंक्शन की बिहेवियर. लेनोवोच्या आयडियापॅडला एफ२ किंवा एफएन धरून एफ२, कॉन्फिगरेशनमध्ये हॉटकी मोड. मॉडेलप्रमाणे नाव थोडं इकडेतिकडे होतं, त्याने घाबरू नका. चालू होताना एफ२ बडवून बडवून बोट दुखलं तरी आत जाता येत नसेल तर शिफ्ट धरून रिस्टार्ट करा, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज (म्हणजे बायोसच). शांतपणे आत जाता येतं.

मॅकवाल्यांना यातलं काही लागत नाही. सिस्टम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, फंक्शन कीज, तिथलं एक बटण चालू करा आणि झालं.

बदल झाल्यावर "आता आवाज कमी होत नाही" म्हणून परत फोन करू नका, आता आवाजासाठी एफएन धरायचं, अदलाबदलच केली ना आपण.

बाहेरून लावलेल्या कीबोर्डला लॅपटॉपच्या बायोसमधलं हे सेटिंग लागू होत नाही, त्याचं त्याचं वेगळं असतं.

लिनक्सवर कीक्रॉन कंपनीचे बरेच कीबोर्ड अॅपलचे म्हणून ओळखले जातात, तिथे एचआयडी अॅपल मॉड्यूलचा (अॅपल कीबोर्डच्या ड्रायव्हरचा) एफएनमोड २ करायचा, म्हणजे एफ-कीज आधी. पण नुसतं सिसच्या (/sys, चालू सिस्टमची तात्पुरती सेटिंग्ज) फाइलमध्ये २ लिहून खूष होऊ नका, रिबूट केलं की गेलं. मोडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणाऱ्या कमांडच्या) कॉन्फिग फाइलमध्ये टाका आणि इनिटरामएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारा फाइल्सचा गठ्ठा, अपडेट करा, ती दुसरी पायरी अर्धे लोक विसरतात आणि मग डिस्ट्रोला शिव्या घालतात.