प्रार्थनेला उत्तर मिळत नाही असे वाटते तेव्हा या चुका टाळा

आजारपण, रखडलेली नोकरी, मूल होत नसल्याचे दुःख किंवा व्यसनात अडकलेला मुलगा, अशा एकाच विनंतीसाठी वर्षानुवर्षे गुडघे टेकणारी माणसे प्रत्येक ख्रिस्ती मंडळीत असतात, आणि त्यांना बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे विश्वास वाढवा. सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो. परंतु तो ऐकणारा माणूस देवाकडे पाहण्याचे सोडून स्वतःच्या मनाची तपासणी करू लागतो, आणि पहिली चूक इथेच होते. मनात शंकेची एक रेषही उमटू न देणे म्हणजे विश्वास, अशी समजूत करून घेतली की प्रार्थना ही मनाची कसरत होऊन बसते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातील ‘मागाल ते मिळाले आहे असा विश्वास धरा’ या आशयाचे वचन आपण वारंवार उद्धृत करतो, पण त्याच्या अगोदर येशूने शिष्यांना देवावर विश्वास ठेवण्यास सांगितले आहे, हे विसरतो. विश्वास स्वतःच्या खात्रीवर ठेवायचा नसतो. त्याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील आजारी मुलाच्या बापाने ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे एका दमात सांगितले. येशूने त्याला आधी शंका फेडून ये म्हणून परत पाठवले नाही, तर त्याच्या मुलाला बरे केले.

दुसरी चूक पहिलीतूनच जन्मते, आणि माझ्या मते ती सर्वांत घातक आहे. घरी प्रार्थनासभा भरते, आजारी बाई पलंगावर उशीला टेकून बसलेली असते, तेल लावून हात ठेवले जातात, आणि चहाचे कप फिरू लागताच कोणीतरी हलक्या आवाजात म्हणते, “ताई, काही पाप कबूल करायचं राहिलंय का, ते बघा.” जन्मांध माणसाकडे बोट दाखवून ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे’ असे विचारणाऱ्या शिष्यांना येशूने दोन्ही पर्याय नाकारून उत्तर दिले, आणि जुन्या करारातील नीतिमान ईयोबाच्या दुःखाचे कारण त्याच्याच पदरी बांधणाऱ्या मित्रांवर शेवटी परमेश्वराचा कोप झाला. ज्या प्रेषित पौलाच्या हातून अनेक जण बरे झाले, त्यानेच आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारी सोडून यावे लागल्याचे लिहिले आहे. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगताना त्याने त्याच्या विश्वासाबद्दल अवाक्षर काढले नाही. त्यामुळे प्रार्थना चालू आहे म्हणून इन्सुलिन किंवा क्षयाच्या गोळ्या बंद करण्याचा सल्ला कोणी देत असेल, मग तो व्यासपीठावरून का असेना, तर तो मानू नये.

आत्मपरीक्षण नकोच, असा याचा अर्थ नाही. केवळ चैनीसाठी मागितलेले मिळत नाही, असे याकोबाचे पत्र सांगते, आणि पेत्राचे पहिले पत्र तर नवऱ्यांना बजावते की बायकोला मान दिला नाही तर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल. (उपदेशासाठी हे वचन फारसे निवडले जात नाही, यात नवल नाही.) मात्र ही तपासणी ज्याची त्याने आपल्यापुरती करायची असते, दुसऱ्याच्या आजारपणाचे निदान करण्यासाठी ती वापरता येत नाही.

देवाशी सौदा करण्याची चूक आपल्याकडे सहज घडते, कारण नवस बोलण्याची सवय आपल्या मातीतलीच आहे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला (सलग नऊ बुधवार करायच्या प्रार्थनेला) होणारी गर्दी किंवा बांद्र्याच्या माउंट मेरीला वाहिले जाणारे मेणाचे हातपाय यांत श्रद्धा नाही असे मी म्हणणार नाही. परंतु नववा बुधवार उलटला आणि काम झाले नाही म्हणून ज्याचा देवाशी अबोला सुरू होतो, त्याने प्रार्थना नव्हे, हप्ते भरलेले असतात.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे मागण्याआधीच ‘तुझी इच्छा होवो’ म्हणून मोकळे होणे. हे नम्र वाटते, पण अनेकदा निराशा टाळण्यासाठी शोधलेली ती पळवाट असते. गेथशेमाने बागेत येशूने आधी ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ असे स्पष्ट शब्दांत मागितले आणि त्याच विनंतीत स्वतःला पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन केले. तो प्याला दूर झाला नाही. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर त्याला मागितल्यावरच मिळाले. रागही दडवू नये. तेरावे स्तोत्र ‘कुठवर?’ असे पुन्हा पुन्हा विचारते आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, तरीही दोन्ही उपासनेत म्हटली जातात.

नकाराचा अर्थ घाईने लावू नये. पुढे थोर ख्रिस्ती धर्मगुरू झालेला ऑगस्टीन 383 च्या सुमारास आफ्रिकेतून रोमला निघाला, त्या रात्री त्याची आई मोनिका त्याने जहाजावर चढू नये म्हणून रडून प्रार्थना करीत होती. तो तिला फसवून गेला. पण पुढे मिलान येथे तिथला बिशप अँब्रोस याची प्रवचने त्याच्या कानी पडली आणि आईची खरी इच्छा होती तसा 387 मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. प्रत्येक नकारामागे अशी उकल दिसतेच, असे मात्र कोणाला सांगू नये. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेच्या बळावर हजारोंचा सांभाळ करणाऱ्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. त्या मृत्यूचे कारण जुळवून दाखवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

शेवटची चूक मंडळीची आहे. साक्ष द्यायला बोलावले जाते ते फक्त ज्यांचे काम झाले त्यांना. ज्यांचे झाले नाही ते मागच्या बाकावर सरकतात आणि काही महिन्यांनी उपासनेला येणेच बंद करतात. प्रार्थनासभा चालवणाऱ्याने विनंत्यांची वही ठेवावी, जुन्या विनंत्या न खोडता दर आठवड्याला वाचाव्यात, आणि ज्यांना स्वतः प्रार्थना करणे जमेनासे झाले आहे त्यांच्यासाठी कोणी प्रार्थना करायची, हे तिथल्या तिथे नावानिशी ठरवावे.